अर्धा उघडलेला दिवाळी अंक

शमीम मॅडम म्हणायच्या, "दिवाळी आपल्या पायानं येत नाई बेटा. तिले बोलवा लागते. अन् बोलवणाऱ्याच्या अंगात जीव पायजे." हे बोलताना त्या बहुतेक वेळा वसतिगृहाच्या मागच्या अंगणात पालथ्या बादलीवर बसलेल्या असायच्या. पाय समोर लांब केलेले, चपला बाजूला, आणि चेहरा असा की आता कोणी एक शब्द बोललं तर त्या रडतील की हसतील, हे त्यांनाही सांगता येऊ नये.

त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. आमच्या घरात लिहिणारं कोणी नाही. कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे लिहायला बसलं की वाटतं, मागून कोणीतरी म्हणेल, हे असं नसतं लिहायचं. पण परवा ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर पेपरवाल्याकडे दिवाळी अंकांची चळत दिसली. मी त्यातला एक घेतला, खोलीवर आले, वाचायला लागले, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मी तो अर्धाच उघडला आहे. दाराच्या फटीतून आत बघावं, तसं वाचते आहे. ही सवय माझी नाही. ही शमीम मॅडमची.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींचं सरकारी वसतिगृह आहे. आठवी ते दहावी मी तिथे होते. मॅडम तिथल्या गृहपाल. मुली साठ-सत्तर, मॅडम एक. पाण्याची मोटर बंद पडली, तांदळात सोंडे, म्हणजे किडे, निघाले, कोणाला ताप चढला, कोणाचे वडील पिऊन फाटकाशी आले, सगळ्याला मॅडम. बुटक्या, अंगानं भरलेल्या, ओढणी कमरेला खोचलेली. त्यांनी शिंप्याकडून आपल्या प्रत्येक कुर्त्याला दोन मोठे खिसे शिवून घेतले होते. त्यात किल्ल्या, थर्मामीटर, सेफ्टी पिना, तापाच्या गोळ्या, मुलींसाठी पॅड आणि रडणाऱ्या पोरीसाठी एखादं चॉकलेट. चालल्या की खिसे वाजायचे. आम्हाला त्या येताहेत हे आधी ऐकू यायचं आणि मग दिसायचं.

संध्याकाळी हजेरी झाली की त्या जाहीर करायच्या, "पाच मिनिटं मी मेली समजा." आणि डोळे मिटायच्या. तेवढ्यात कोणीतरी जायचीच. "मॅडम, साबण संपला जी."

"मेलेल्या माणसाले काय साबण मागता वो?" डोळे मिटूनच त्या म्हणायच्या, आणि उठायच्या.

झोप त्यांना कुठेही लागायची. पंचायत समितीच्या बाकावर, जीपमध्ये, एकदा तर आम्हाला रागावता रागावता. "तुमी पोट्ट्या समजता काय सोताले..." इतकं बोलून त्या खुर्चीतच गप्प झाल्या. आम्ही ओळीत उभ्याच. थोड्या वेळानं डोळे उघडले आणि म्हणाल्या, "...महाराणी?" आम्ही हसलो, त्याही हसल्या, रागावणं राहूनच गेलं.

त्यांचं माहेर ब्रह्मपुरीचं. वडील पेपरचे एजंट. दिवाळी त्यांच्या घरी नव्हती, म्हणजे पणत्या-फराळ नव्हता. पण दिवाळीच्या आधी नागपूरहून अंकांचे गठ्ठे यायचे आणि घरात पाय ठेवायला जागा राहायची नाही. वडील सगळ्या भावंडांना सांगायचे, काय वाचायचं ते वाचा, पण हात धुऊन, आणि पान मोडलं नाही पाहिजे, पाठ कडकली नाही पाहिजे. सकाळी गिऱ्हाईक येईल तेव्हा अंक कोरा दिसला पाहिजे. म्हणून ती पोरं अंक अर्धेच उघडायची. "दुसऱ्याचा अंक हाय असं समजून वाचलं ना बेटा, का जास्त ध्यानात राह्यते," मॅडम म्हणायच्या. पुढे नोकरी लागली, स्वतःचे अंक विकत घ्यायला लागल्या, तरी त्यांचा अंक कधी पूर्ण उघडला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं व्हायचं. तरी दरवर्षी सहा-सात मुली मागे राहायच्या. कोणाला न्यायला कोणी आलं नाही, कोणाकडे घर नव्हतं म्हणण्यासारखं. मी दहावीत होते त्या वर्षी माझे आईबाबा राजुऱ्याकडे कापूस वेचायला गेले होते. सिंदेवाहीजवळच्या आमच्या घराला कुलूप होतं. बाबांचा फोन आला, "तिकडंच राह्य मनीषा यंदा." मी "बरं" म्हटलं.

मॅडमनाही ब्रह्मपुरीला भावाकडे जाता आलं असतं. त्या गेल्या नाहीत. त्यांचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याबद्दल विचारायची कोणाची हिंमत नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्या सकाळपासून चिडचिडत होत्या. स्वयंपाकीण सुट्टीवर, गॅस संपत आलेला, कार्यालयातून दोनदा फोन. दुपारी त्या बादलीवर बसल्या आणि म्हणाल्या, "आज तं काईच वाटून नाई राह्यलं. कोणती दिवाळी अन् काय." मला वाटलं, आता यंदा काही होणार नाही. पण संध्याकाळ व्हायला आली तशा उठल्या. मोठ्या पितळी गंजात पाणी तापवायला लावलं. आम्हा सगळ्यांना एकामागून एक न्हायला पाठवलं, स्वतः पाठी चोळून दिल्या. स्वतःही न्हाल्या, धुतलेला निळा कुर्ता घातला, आणि केस मोकळे सोडून बाहेर आल्या तेव्हा त्यांचं वय कमी झाल्यासारखं दिसलं. "पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "अर्धी आली. आता बाकीची आणू."

बाकीची आणायची त्यांची रीत ठरलेली होती. हॉलमधल्या गाद्या ओढून एकमेकींना चिकटवायच्या. व्हरांड्यात पणत्या. मधे पेपरवर उकडलेल्या शिंगाड्यांचा ढीग, तलावावरून त्याच दिवशी आणलेले. सगळ्यांनी पांघरुणात पाय घालायचे. शिंगाडे खाऊन झाले की हात धुवायचे, पुसायचे आणि मॅडमना दाखवायचे. मग त्या कपाटातून नवे अंक काढायच्या. वर्षभर पैसे साठवून विकत घेतलेले तीन-चार.

"पैले वास," त्या सांगायच्या. अंक हातोहात फिरायचा. प्रत्येकीनं नाक लावायचं. सहावीतली छोटी रोशनी दोनदा वास घ्यायची आणि ओरडा खायची.

मग जेवण. म्हणजे पाककृतींची पानं. मॅडम हॉटेलातल्या वेटरसारखं विचारायच्या, "आज काय घेणार बाईसाहेब?" आणि एकीनं पान निवडायचं. त्या वर्षी रोशनीनं कोणतं तरी ऑलिव्ह घातलेलं निवडलं.

"ऑलिव्ह म्हणजे काय जी?"

"बोर समज. खारवलेलं."

"मंग बोरच लिवावं ना."

"बोर लिवलं का लोकं अंक घेत नाई बेटा. वाढू?"

"वाढा."

त्या वाचायच्या, आणि आम्ही खिचडी खाल्लेल्या पोटानं ते सगळं जेवायचो. मग गोष्ट. त्या रात्रीची गोष्ट समुद्रावरच्या दीपस्तंभात राहणाऱ्या एका माणसाची होती. आमच्यातल्या कोणी समुद्र पाहिला नव्हता. मॅडमनीही नाही. "पावसाळ्यात वैनगंगा दिसते ना, तसा," त्या म्हणाल्या, "पण पलीकडचा काठ काढून टाकायचा." मी डोळे मिटून काठ काढून टाकला. मला अजूनही समुद्र तसाच दिसतो. गोष्टीच्या मधे त्यांचा आवाज हळू झाला आणि थांबला. झोपल्या. कोणी त्यांच्या हाताला हात लावला नाही, कोणी अंक ओढून घेतला नाही. आम्ही वाट पाहिली. त्या जाग्या झाल्या आणि त्याच ओळीवरून पुढे वाचू लागल्या.

सगळ्यात शेवटी वार्षिक भविष्य. ते सर्वांना हवं असायचं, आणि अडचणही तिथेच.

"मॅडम, माही रास कोणती?" रोशनीनं विचारलं.

"जन्म कधीचा?"

"एक जून."

"अन् तुझा?"

"एक जून," दुसरी म्हणाली. तिसरीही तेच. माझाही तोच. शाळेत घालताना कोणाच्याच घरी तारीख नव्हती, गुरुजींनी सगळ्यांची एकच लिहून टाकली होती.

"वा," मॅडम म्हणाल्या. "एकाच दिवशी पैदा झाल्या साऱ्या."

"मंग आमचं सगळ्याईचं सारखंच होईन काय जी?"

"आताबी सारखंच होऊन राह्यलं. सोंडे काय एकीच्याच भातात निघाले?" मग त्यांनी चित्रांचं पान आमच्यापुढे धरलं. "घ्या. ज्याले जे पायजे ते घ्या."

रोशनीनं सिंह घेतला. मी तराजू घेतला, कारण तो कोणी घेत नव्हतं. सुनीतानं मासे घेतले.

सुनीता मडावी माझ्याच वर्गातली. जंगलातल्या आतल्या गावची. गणितात वर्गात पहिली यायची आणि ते कोणी बोलून दाखवलं की वहीत तोंड खुपसायची. तिचे वडील दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होते. ती परत येईल की नाही, हा त्या दिवाळीत आम्हा सगळ्यांच्या मनातला प्रश्न होता. तिच्या आत्याला ती सून म्हणून हवी होती. भाऊबीजेनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, पाव्हणे येतात, नाटकं होतात आणि सोयरिकी जुळतात. त्यांच्या गावच्या मंडईत बोलणी होणार होती. पक्की झाली की ती दहावीच्या परीक्षेला बसणार नव्हती. सुनीताला आत्याचा मुलगा वाईट वाटत नव्हता. तिला परीक्षा द्यायची होती, एवढंच. पण तिच्या वडिलांचे आईबाप लहानपणीच गेले होते आणि त्यांना या मोठ्या बहिणीनंच वाढवलं होतं. तिला नाही म्हणणं त्यांच्या घरात कोणाला जमत नव्हतं.

मॅडमनी सिंह वाचला, तराजू वाचला. मग मासे. मी त्यांच्या अंगाला अंग लावून बसले होते, त्यामुळे अर्ध्या उघड्या अंकातही मला ओळ दिसत होती. विवाहेच्छुकांना वर्ष अत्यंत अनुकूल, दिवाळीनंतर लगेच योग, असं काहीतरी होतं. मॅडम थांबल्या. घसा साफ केला.

"मीन," त्यांनी वाचलं. "या वर्षी लग्नकार्य टाळावे. विद्यार्थ्यांनी घरी बसू नये. परीक्षा द्यावी."

सुनीता पांघरुणातून उठून बसली. "असं लिवून हाय?"

"लिवून हाय."

"घरी बसू नये, हेबी?"

"छापून हाय बेटा. चला, झोपा आता. पणत्या सांभाळून विझवा कोणीतरी." त्यांनी अंक मिटला. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीताचे वडील आले. सोमाजीभाऊ. उंच, शांत माणूस. मोटारसायकलला दुधी भोपळा आणि नव्या धानाच्या पोह्यांची पिशवी बांधलेली, मॅडमसाठी.

"जोहार मॅडम."

"जोहार सोमाजीभाऊ. पोरीले नेता? परत कधी आणता ते आधी सांगा."

"मंडई झाली का आणतो जी."

"शाळा त्याच्या आधी सुरू होते."

"हो जी."

"हो जी म्हणू नका. तुमचं हो जी मले माहीत हाय."

ते खाली बघून हसले. सुनीता मागे बसली. जाताना ती मला म्हणाली, "पुस्तकात हाय ना पण." मी मान हलवली.

शाळा सुरू झाली. मुली परत आल्या, कोणी भावाला सोडून, कोणी धान कापणी अर्धी टाकून. सुनीताची गादी गुंडाळलेलीच राहिली. मॅडम हजेरी घेताना तिचं नाव घ्यायच्या, थांबायच्या आणि पुढे जायच्या. आणि मग एका दुपारी सोमाजीभाऊ आले. एकटेच.

मी ऑफिसात चहा घेऊन गेले होते. ते खुर्चीच्या टोकावर बसले होते.

"मॅडम, एक पुस्तक पायजे होतं."

"कोणतं?"

"ते... मासोळीचं."

मॅडमनी माझ्या हातातून कप घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला.

"पोरगी म्हणते मासोळीत लिवून हाय, यंदा लगीन नोको," ते सांगू लागले. "घरी भांडण लागलं जी. माझी बहीण म्हणते, पुस्तकात हाय तं दाखव. दिनेश वाचून सांगन. बारावी झाला हाय तो." दिनेश म्हणजे आत्याचा मुलगा.

मला वाटलं, मॅडम म्हणतील अंक हरवला. कोणीतरी नेला. पाणी सांडलं. मी मनातल्या मनात ते शब्द त्यांच्या तोंडात घालून पाहत होते. मॅडम उठल्या, कपाट उघडलं, अंक काढला. टेबलावर ठेवून नेहमीसारखा अर्धा उघडला. मग त्यावर तळहात ठेवला आणि दाबून तो पूर्ण सपाट केला. अंकाची पाठ कडकन वाजली. त्या आवाजानं मी दचकले. त्या तीन वर्षांत मी तो आवाज एकदाच ऐकला.

त्यांनी बोट ठेवून खरी ओळ वाचली. हळू, प्रत्येक शब्द सुटा करून.

सोमाजीभाऊंनी मान वर केली. "मंग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी खोटं वाचलं."

"काऊन जी?"

"तुमची पोरगी परीक्षेले बसावी म्हणून."

त्यांनी अंक आपल्याकडे ओढला, माशांच्या चित्राकडे पाहिलं. "हे देवाचं पुस्तक हाय का?"

"नाई. पेपरवाल्याचं."

"तुमच्या देवाचं?"

"माझा देव असं काई छापत नाई."

"आमचाबी नाई." त्यांनी अंक परत मॅडमकडे सरकवला. मग म्हणाले, "मंग आपण दोघं काऊन याच्यात पडलो मॅडम?"

मॅडम हसायला लागल्या. आधी थोडं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सोमाजीभाऊही हसले. मला हसावं की नाही कळेना. मी दाराला टेकून उभी राहिले. हसू थांबल्यावर खोलीत काही उरलं नव्हतं, फक्त दोन थकलेली माणसं.

"मी माझ्या बहिणीले काय सांगू?" सोमाजीभाऊ म्हणाले. "आज मंडई हाय. आजच बसणार हायत सारे."

"तुमी काई सांगू नका. मी येते."

"आता?"

"आता नाई तं का मार्चात?" त्यांनी खिसे रिकामे केले. किल्ल्या स्वयंपाकिणीकडे, थर्मामीटर माझ्याकडे. ओढणी डोक्यावरून घेतली आणि सोमाजीभाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसल्या. फाटकातून जाताना त्या इतक्या घट्ट धरून बसल्या होत्या की रोशनीला हसू आवरेना.

पुढचं मला सुनीतानं सांगितलं.

त्यांच्या घरच्या अंगणात पाव्हणे बसले होते. आत्या, जानकीबाई, खाटेवर. काटकुळी बाई, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले, आवाज गावभर पोचणारा. मॅडमनी गाडीवरून उतरून, पाणीही न पिता, सगळ्यांसमोर सांगितलं की पुस्तकात लग्नाचा योग लिहिला होता, मी उलटं वाचलं, पोरीची काही चूक नाही, ती ते खरं समजली होती.

जानकीबाईंनी त्यांना खालून वरपर्यंत पाहिलं. "वा मास्तरीनबाई. तुमी लेकराईले खोटं वाचून दाखवता, अन् आमाले म्हणता शाळेत पाठवा?"

"चुकलं माझं."

"मंग आता तरी खरं सांगा. पोरगी शिकून काय होते?"

सुनीताला वाटलं, आता मॅडम मोठं बोलतील, पंधरा ऑगस्टला बोलतात तसं. पण मॅडम म्हणाल्या, "सांगता येत नाई जानकीबाई. होईनबी, नाईबी. मी शिकून काय झाली ते तं तुमी पाहूनच राह्यल्या." पाव्हणे हसले. जानकीबाई हसल्या नाहीत. "पण परीक्षा मार्चात हाय," मॅडम म्हणाल्या. "दहा वर्षं लेकरू शाळेत गेलं. तेवढी होऊ द्या."

"आधी जेवा," जानकीबाई म्हणाल्या. "रिकाम्या पोटी आलेल्या माणसाशी मी भांडत नाई."

भिंतीशी बसवून त्यांना ताट दिलं. वडे, भात, कोंबडीचा रस्सा. आणि मॅडम जेवता जेवता झोपल्या. घास हातात, मान भिंतीला. पोरं जमली आणि खिदळू लागली. सुनीताला लाजेनं मेल्यासारखं झालं. जानकीबाई खाटेवरून उठल्या, पोरांना हाकललं. वाकून मॅडमच्या मांडीवरचं ताट काढून घेतलं. हातातला घास काढला, आपल्या पदरानं बोटं पुसली. मग सुनीताला विचारलं, "हे बाई रातची झोपत नाई का वो?"

"झोपाले भेटत नाई आत्या. सत्तर पोरी हायत."

"सत्तर?" जानकीबाई म्हणाल्या. "माह्यानं एक दिनेश नाई सांभाळला जात." त्यांनी आतून वाकळ आणली आणि मॅडमच्या अंगावर टाकली.

तेवढ्यात माणसं बैठकीला आली. कोणीतरी विषय काढला. जानकीबाईंनी हात वर केला. "आता नोको. हे उठन. झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी बसून काय बोलता? परीक्षा झाल्यावर पाहू." एक म्हातारा पाव्हणा काहीतरी पुटपुटला, त्यावर त्या म्हणाल्या, "सून माझ्या घरी यायची हाय का तुमच्या?" आणि विषय संपला.

मॅडमना जाग आली तेव्हा दिवस मावळत होता, मंडईतून ढोलकीचा आवाज येत होता. त्या घाईनं सावरून बसल्या आणि विचारलं, "हं, तं काय ठरलं मंग?" सगळं अंगण हसलं. ज्या गोष्टीसाठी त्या आल्या होत्या, ती झालेली त्यांना सगळ्यात शेवटी कळली.

दुसऱ्या दिवशी सुनीता परत आली. मॅडमनी हजेरीत तिचं नाव घेतलं, ती "हजर" म्हणाली, आणि मॅडम पुढच्या नावावर गेल्या.

हिवाळाभर आम्ही अभ्यास केला. फेब्रुवारीत मॅडमच्या बदलीचा कागद आला. सिरोंच्याकडे, फार लांब. परीक्षा संपेपर्यंत थांबायची परवानगी त्यांनी मिळवली. त्या जाणार हे ऐकून मुली रडल्या, तर त्या म्हणाल्या, "रडा, पण पाळीपाळीनं रडा. साऱ्याईले एकदम समजवाले मले जमत नाई."

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. आम्ही परीक्षा केंद्रात जात होतो तेव्हा फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली जानकीबाई बसलेल्या दिसल्या. परीक्षा झाल्यावर पाहू, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि परीक्षा आज संपत होती. त्यांनी वसतिगृहात जाऊन सुनीताची पत्र्याची पेटीही आणली होती. ती त्यांच्या शेजारी होती. आणि पेटीच्या पलीकडे मॅडम. सुनीतानं माझा हात धरला. मी म्हटलं, आधी पेपर लिही. मला धीर देता येत नाही, पण तेवढं म्हटलं.

पेपर सुटल्यावर आम्ही बाहेर आलो, तर त्या दोघी तिथेच होत्या. सावली सरकली होती, तशा त्याही पेटीसकट सरकल्या होत्या. मॅडम या वेळी झोपल्या नव्हत्या. जानकीबाईंनी सुनीताला पाहिलं आणि उठल्या. आता म्हणतील, चल, असं वाटलं.

"सोपा गेला का वो?" त्यांनी विचारलं.

"गेला आत्या."

"सारं लिवलं?"

"हो."

जानकीबाईंनी पेटीकडे पाहिलं. मग मॅडमकडे न बघता, झाडाला सांगितल्यासारखं म्हणाल्या, "निकाल लागू द्या मंग. एवढं केलं तं लागते काय ते पाहू तं द्या."

"बरं," मॅडम म्हणाल्या. एवढंच. त्यांना उठायचं होतं, पण पायाला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि जानकीबाईंचा खांदा धरला. जानकीबाईंनी त्यांना वर ओढलं. दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर.

सुनीताचं लग्न दोन वर्षांनी झालं. बारावीनंतर, दिनेशशीच, तिला विचारून. पण ते नंतरचं, आणि तोवर मॅडम बदलून गेल्या होत्या. सिरोंच्याकडे फोन लागला तर लागतो, नाहीतर नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या भूगोलाच्या पेपरच्या दुपारी, कारण मीही केंद्रावरूनच घरी निघाले होते.

सुनीता आणि जानकीबाई पेटी घेऊन जीपकडे गेल्या. मी माझी पट्टी आत विसरले होते, ती आणायला वळले आणि परत आले, तर मॅडम रस्त्यानं वसतिगृहाकडे एकट्याच चालल्या होत्या. ऊन चढलेलं, ओढणी डोक्यावर, खिसे दोन्ही बाजूंना लोंबणारे. एका बंद टपरीच्या सावलीत त्या थांबल्या. मला वाटलं, मागे वळतील. त्यांनी टपरीच्या फळीवर हात टेकला, एक चप्पल काढून त्यातला खडा झटकला, चप्पल घातली, आणि पुढे गेल्या. संध्याकाळची हजेरी व्हायची होती.